चाखणं म्हणजे खाणं नव्हे

टेस्ट ट्यूबमध्ये विटकरी रंग आला आणि सर मान वर न करताच म्हणाले, "बाटली बघ."

मी बाटली बघितली. खोकल्याच्या औषधाचीच होती. लेबल खरवडून काढलेलं, पण बुडाशी चिकट थर तसाच.

"असल्या बाटलीतून लघवी आणली तर पैलवानालाही डायबेटीस निघेल," सर म्हणाले. "त्यांना आपली धुतलेली बाटली दे. पुढच्या सोमवारी परत टेस्ट कर."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत सरांची पॅथॉलॉजी लॅब होती. मी मूळची यावलची. जळगावला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि पहिली नोकरी इथे लागली. पेशंट मला सिस्टर म्हणायचे. सुरुवातीला मी सांगून बघायची की मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे. त्यावर ते "बरं सिस्टर" म्हणायचे.

तेव्हा साखर बघायची साधी सोपी पद्धत म्हणजे निळं द्रावण. टेस्ट ट्यूबमध्ये ते घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच. थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटेसारखं लाल. सकाळची पहिली लघवी आणायला सांगायचो, कारण आदल्या संध्याकाळपासूनचा हिशोब त्यात उतरतो. रक्ताची टेस्टही करायचो, पण तिला वेळ लागायचा. आता बोट टोचलं की पाच सेकंदांत आकडा येतो. त्या यंत्राला मी नावं ठेवत नाही, पण निळ्याचं हिरवं होताना बघताना जी धाकधूक व्हायची ती मला अजून आठवते.

ती खोकल्याची बाटली दगुअक्कांची होती. वय पंचावन्नच्या आसपास, सोनगीरच्या राहणाऱ्या, आणि पंचक्रोशीत मांडे करणारी बाई म्हणून नावाजलेल्या. मांडे म्हणजे आमच्या खानदेशातली पुरणपोळी. ती लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत धोतराच्या पानासारखा पातळ करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. हे काम प्रत्येकीला येत नाही. म्हणून लग्न ठरलं की आधी दगुअक्कांना विचारायचे आणि मग वाजंत्रीवाल्याला.

डिसेंबरातल्या एका लग्नात त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी खापराला टेकली. मांडे करणाऱ्या बाईला भाजणं नवीन नसतं. पण ही जखम भरेना. हळद लावली, कोरफड लावली, नंतर ती चिघळली. सर्जनकडे गेल्या तेव्हा डायबेटीस असल्याचं पहिल्यांदा कळलं. सर्जननं गोळ्या सुरू केल्या, पथ्य सांगितलं, आणि चिठ्ठीवर आम्हाला लिहून दिलं की दर सोमवारी रिपोर्ट पाठवा. अक्कांना मात्र त्यांनी तोंडी सांगितलं ते असं: "अखाजीपर्यंत वाट बघू. शुगर आटोक्यात आली तर जखम भरेल. नाही आली तर बोट काढावं लागेल, नाहीतर विष हातात चढेल."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे पितरांना पुरणाचा नैवेद्य दाखवायचा सण. हातात अडीच महिने होते. आणि हे बोट गेलं तर मांडे गेले, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि पट्टी बांधलेला हात डाव्या हातात धरून म्हणाल्या, "माय, नाक काप, कान काप. हाई बोट ऱ्हाऊ दे."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मी तोंड फिरवून उगाच टेस्ट ट्यूब धूत बसले.

पुढच्या सोमवारी धुतलेल्या बाटलीत सँपल आलं. हिरवट रंग. सर म्हणाले, "बघ, बाटलीच होती." त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा विटकरी. बाटली आमचीच, मी स्वतः उकळून दिलेली. रक्तातही साखर भरपूर.

"अक्का, गोड खाता का?"

"गोडनं नाव बी लेत नही मी. चहा बी बिनसाखरना."

"देवाची शपथ?"

"देवनी आन. खोटं कसाले बोलसू?"

सोबत त्यांची सून मंदा असायची. ती म्हणायची, "मन्ही सासू खोटं बोलत नही, सिस्टर." आणि मंदाच्या चेहऱ्यावरून कळायचं की ते खरं आहे.

मार्चमध्ये चार सोमवार लागोपाठ छान गेले. निळं, निळं, जरासं हिरवं, निळं. जखम कडेनं गुलाबी दिसायला लागली. सर्जननं गोळ्यांचा डोस तोच ठेवला. एप्रिलच्या मध्यात पुन्हा विटकरी, त्याच्या पुढच्या सोमवारीही विटकरी, आणि जखमेला पुन्हा वास यायला लागला. सर्जनचा सरांना फोन आला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो... हो... नाही, टेस्ट चुकत नाही... माझी मुलगी व्यवस्थित काम करते." शेवटचं वाक्य माझ्याबद्दल होतं. मी त्या दिवशी कॉलर ताठ करून फिरले, पण उत्तर काही मिळालं नव्हतं.

उत्तर मिळालं ते रजेच्या अर्जावरून. आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या शेवंतामावशींच्या मुलीचं लग्न होतं. मला त्या दिवशी सुट्टी हवी होती, म्हणून मी दारामागचं कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवलं. त्यात लग्नाचे मुहूर्त लाल अक्षरात छापलेले. शेजारी आमचं रजिस्टर उघडं होतं. सहज नजर गेली आणि मी खुर्ची ओढून बसले. अक्कांचे विटकरी सोमवार एकेक करून कॅलेंडरवर शोधले. प्रत्येकाच्या आदल्या दिवशी, नाहीतर त्याच दिवशी लग्नाची तारीख. मार्चमध्ये मुहूर्तच नव्हते.

मी रजिस्टर घेऊन सरांकडे गेले.

"सर, बाई लग्नाला जाते आणि हादडते."

"हात बांधलाय तिचा. लग्नाला कशाला जाईल?"

"जेवायला."

सर थोडं हसले. "विचार तिला. पण नीट विचार."

मी नीट विचारलं नाही. हे मला आजही लागतं. पुढच्या सोमवारी लॅबमध्ये सात-आठ पेशंट बसलेले असताना मी रजिस्टर उघडून म्हटलं, "अक्का, लग्नात बुंदी खाऊन यायचं आणि इथे देवाची शपथ घ्यायची? मला कॅलेंडरमध्ये सगळं दिसतंय."

अक्का उभ्या राहिल्या. "मी लगनमा जेवत बी नही," एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मंदा मागे वळून माझ्याकडे बघत बाहेर गेली. त्यानंतरच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. सरांनी रजिस्टरमध्ये अक्कांच्या नावापुढची मोकळी जागा दोनदा बोटानं ठोकली.

अखाजीला आठवडा राहिला होता.

शेवंतामावशींच्या मुलीचं लग्न सोनगीरजवळच्या एका खेड्यात होतं. मी आदल्या दिवशी दुपारीच गेले. मांडवामागे ओळीनं चुली पेटलेल्या, त्यांवर कढया, आणि मध्यभागी पाटावर बसलेल्या दगुअक्का. उजवा हात पट्टीत, मांडीवर ठेवलेला. मांडे टाकत होती मंदा. अक्का नुसत्या बसून सगळ्यांवर डोळा ठेवत होत्या. मला बघितलं आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी जवळच एका पोत्यावर बसले. माफी कशी मागावी हे सुचत नव्हतं, म्हणून नुसतीच बघत राहिले. तेवढ्यात एक बाई पळसाच्या पानावर लिंबाएवढा पुरणाचा गोळा घेऊन आली. अक्कांनी तो डाव्या हातानं तोंडात टाकला, डोळे मिटले, घोळवला, गिळला. "आखो मूठभर गूळ टाक." बाई गेली. दुसरी आली. पुन्हा लिंबाएवढा गोळा. "उतराव आते." तिसरी वाटलेलं पुरण घेऊन आली. पुन्हा गोळा.

मी मोजायला लागले. कढया सहा. प्रत्येक कढईचं पुरण तीनदा यायचं: गूळ विरघळल्यावर, आटल्यावर, पाट्यावर वाटून झाल्यावर. अठरा गोळे. हात चांगला होता तेव्हा अक्का मांडे टाकण्यात गुंतलेल्या असायच्या, चाखायच्या त्या घाईघाईत, चिमूटभर. बोट भाजल्यापासून त्यांच्याकडे एवढंच काम उरलं होतं.

मी पोतं सरकवून त्यांच्या पाटाशी गेले.

"अक्का, त्या दिवशी मी चारचौघांत बोलले, चुकले. पण हे काय करताय?"

"काय?"

"पुरण खाताय."

"खास कोठे? चाखस मी." त्या खरोखर चकित झाल्या होत्या. "चाखाले खानं म्हनतस का?"

"सहा कढयांचे अठरा गोळे होतात. माझ्यादेखतच निम्मे झाले. सगळं मिळून तीन वाट्या पुरण होईल."

त्यांनी पळसाच्या पानाकडे बघितलं. "तीन वाटी?" मग ते पान उचलून बाजूला ठेवलं. "चाखेल कोनी मोजस का माय," हे त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मंदाचे हात खापरावर थांबले होते. मांडा करपायला लागला तशी ती भानावर आली.

मग अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तुले खरं सांगस. जीभ बी मांगस. दोन महिना व्हई ग्यात, घरमा गोडना कन नही. आठे येस तं तोंडले जरा बरं वाटस." त्यांचे डोळे भरले. धूर होता, पण ते धुरानं नव्हतं. "आन् मी चाखं नही तं कसं व्हई? मन्हा नाववर लोके पुरण खातस. गूळ चुकना तं काय सांगसू?"

आमच्या कोर्समध्ये पुरण नव्हतं. चाखून थुंका म्हणावं, तर चुलीसमोर अन्न थुंकायला सांगणं मलाच जमलं नसतं. दुसऱ्या कुणाला चाखू द्या म्हणावं, तर सर्जनला ऑपरेशन दुसऱ्याकडून करून घ्या म्हटल्यासारखं झालं असतं.

शेवंतामावशी लगबगीनं आल्या. मुलीच्या लग्नाच्या धांदलीतही त्यांना पुढचं सुचत होतं. "अक्का, अखाजीले आमना घर बी येजो. मंदाले दोन मांडा टाकू दे, तू नुसती बस."

मी सहज विचारलं, "अखाजीचं पुरणही असंच चाखता का अक्का?"

चुलीपाशी बसलेल्या सगळ्या बायांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेली दिसते, पण एवढंही कळत नाही, असं ते बघणं होतं.

"काय बोलस माय!" अक्का म्हणाल्या. "नैवेद्यना पहिले? पितरंस्ले उष्टं दावसू का?"

"मग गूळ बरोबर पडलाय हे कसं कळतं?"

"वासवर समजस. रंगवर समजस. चाळीस वरीसमा तेवढं बी नही समजाव का?"

बोलून गेल्या आणि थांबल्या. आयुष्यात फार थोड्या वेळा मला योग्य वेळी गप्प बसता आलं, त्यातली ही एक. एक म्हातारी बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग दुसरी. शेवटी अक्काही हसल्या, पण रडल्यासारखं.

"लगनमा नैवेद्य कोठे ऱ्हास?" त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "तठे चाखानीच रीत शे."

कढईत पुरण रटरटत होतं आणि त्याचा वास अख्ख्या मांडवात भरला होता. पुढचा गोळा घेऊन आलेली बाई पान हातात धरून उभी होती. अक्कांनी त्या पानाकडे बघितलं, मग आपल्या पट्टीकडे. मग डाव्या हातावर पाणी घेऊन चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मंदा, पहिला लहान मांडा देवले काढ. आजपाईन लगनना पुरणना बी नैवेद्य. तोपावत कोनी तोंड लावू नका."

मी दहा वर्षं डोकं खाजवलं असतं तरी मला हे सुचलं नसतं. डॉक्टरांचं पथ्य त्या मोडू शकत होत्या, नकळत मोडतही होत्या. उष्ट्याचा नियम त्यांच्याकडून मोडणं शक्यच नव्हतं. त्यांनी आमचं पथ्य उचलून तिथे नेऊन ठेवलं.

सोमवारी त्या आल्या. पहिल्या बसनं, उपाशीपोटी, धुतलेली बाटली घेऊन. आदल्याच दिवशी आणखी एक लग्न झालं होतं. मी दिव्यावर ट्यूब धरली तेव्हा सरही उठून मागे उभे राहिले. निळं उकळलं, निळंच राहिलं, मग किंचित हिरवी झाक आली आणि तिथेच थांबली.

"न चाखता कसं निभावलं?" मी अक्कांना विचारलं.

"लई जड गयं." संध्याकाळी गूळ विरघळायला लागला की जीव नुसता कासावीस व्हायचा, असं त्यांनी सांगितलं. मग लवंग दाताखाली धरून बसल्या. लवंगेनं जीभ बधिर होते आणि तेवढी वेळ टळते. हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. सरांनी ते ऐकलं आणि त्यानंतर इतर पेशंटनाही सांगायला लागले, जणू काही त्यांचंच संशोधन.

सरांनी एक सूटही दिली. सगळी पंगत उठल्यावर, त्या जेवणातली भाकरी कमी करून, मांड्याचा एक चतकोर. मी म्हटलं, "सर, कशाला?" ते म्हणाले, "दार पूर्ण बंद केलं की माणूस खिडकी शोधतो. त्यापेक्षा दार थोडं उघडं ठेव आणि तिथे लक्ष ठेव."

अखाजीला सर्जननं बोट बघितलं आणि पंधरा दिवस वाढवून दिले. मग आणखी पंधरा. जूनमध्ये जखम मिटली. नख परत आलं नाही, आणि वरचं पेर थोडं वाकडं राहिलं. पण बोट राहिलं.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न यावलला होतं. मांडे कोण करणार हा प्रश्नच नव्हता. अक्का आणि मंदा धुळ्याहून जळगाव, जळगावहून यावल अशा दोन बस बदलून आल्या. अक्कांच्या हातावर मांडा फिरताना मी पहिल्यांदाच बघत होते. ते वाकडं बोट थोडं वर राहायचं, बाकीची चार त्याला सांभाळून घ्यायची, आणि मांडा कुठेही न फाटता खापरावर जायचा. मी स्वतःच्या बहिणीच्या लग्नातली कामं सोडून तिथेच उभी होते. आईनं दोनदा हाक मारली.

दोनशे माणसं जेवून उठली. सगळ्यांनी बोटं चाटली. शेवटच्या पंगतीला अक्का बसल्या आणि मी त्यांना चतकोर वाढला. त्यांनी घास तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तो घोळवत राहिल्या.

"गूळ कमी पडना," त्या म्हणाल्या.

"कुणीच काही म्हटलं नाही, अक्का. मलाही कळलं नाही."

"नही समजाव. मले समजनं."

एवढं बोलून त्यांनी तो चतकोर संपवला, एकेक कण उचलून. मग हात धुवायला उठल्या. मला आनंदही झाला आणि अपराधीही वाटलं. त्यांच्यासारखं पुरण आता त्यांच्या हातूनही पुन्हा होणार नव्हतं, आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

नंतर मी जळगावला आले, तीसेक वर्षं लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आहे. टेस्ट बदलल्या, यंत्रं बदलली. मी माझा एक प्रश्न मात्र त्याच वर्षी बदलला. "गोड खाता का?" असं बाईमाणसाला विचारलं की उत्तर नाही असंच येतं, आणि ते खरंही असतं. म्हणून मी विचारायची, "घरात चव कोण बघतं?"